चौकातली निळी किटली

ते साल होतं १९८६. त्या शरदात मिनेसोटातल्या आमच्या लिंडाल गावचा कार्स्टन समुद्रापार, लढाईने पोखरलेल्या एका शहरात ओलीस धरला गेला. तो तिथे शाळेत गणित शिकवायचा. तोंडं झाकलेल्या माणसांनी त्याच्यासह चार शिक्षकांना गाडीत कोंबलं आणि नेलं.

मित्रांनो, मी एक जुनी कॉफीची किटली आहे. निळी, पांढऱ्या ठिपक्यांची, चांगली घागरीएवढी. विस्कॉन्सिनच्या कारखान्यात लोखंडी पत्र्यातून माझा जन्म झाला. मुलामा देऊन मला भट्टीत भाजलं, तेव्हाची धग मला अजून आठवते. तिथून मी लिंडालच्या चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात आले आणि तिथलीच झाले. लग्न असो की मयत, कॉफी माझ्याच पोटात उकळायची. आमच्याकडे कॉफीच्या भुकटीत अख्खं अंडं टरफलासकट कालवतात. वरून गार पाण्याचा हबका मारला की गाळ खाली बसतो आणि कॉफी मधासारखी नितळ उतरते. पाहुणे म्हणत, "काय कॉफी आहे!" तेव्हा मला वाटे, ही तारीफ माझीच.

कार्स्टनची आई सिग्ने हीच ती कॉफी करायची. नवरा गेलेला, मुलगा एकुलता एक. बातमी आली, त्या आठवड्यापासून गाव दर रविवारी संध्याकाळी चौकात जमू लागलं. वाऱ्याने मेणबत्त्या विझायच्या, म्हणून बायकांनी त्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत लावल्या. कार्स्टनचं नाव मोठ्याने घ्यायचं, थोडा वेळ गप्प उभं राहायचं, मग माझ्यातली कॉफी प्यायची. बस, एवढंच. पण त्या वाफेत सिग्नेचा चेहरा जरा सैल व्हायचा.

हिवाळा संपला. पेरण्या आल्या. माणसं कमी झाली. तेव्हा टेक्ससहून नवे आलेले पाद्री व्हिटलॉक तळघरात आले. माणूस भला, पण आमच्याकडचा नव्हे. सिग्ने मला घासत होती.

"सिग्नेबाई, रविवारचं जमणं पुढे चालू ठेवायचं ना?"

"अहो, नको. लोकांना शेतीची कामं आहेत. माझ्यासाठी कशाला उगाच?"

"बरं. जशी तुमची इच्छा," असं म्हणून ते जिना चढून गेले.

सिग्नेचा हात माझ्या झाकणावर तसाच राहिला. ती दाराकडे बघत होती. आमच्या गावात पहिलं 'नको' हा नुसता शिष्टाचार असतो. दुसरं 'नको' समोरच्याची कळकळ जोखायला असतं. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस 'हो' म्हणतं. ती दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत होती. तो आलाच नाही.

रविवारी पाद्रींनी जाहीर केलं, "सिग्नेबाईंच्या विनंतीवरून चौकातलं जमणं थांबवत आहोत." गावाला वाटलं, तिला एकटं राहायचंय. तिचं मन दुखू नये म्हणून दुकानातही कुणी कार्स्टनचं नाव काढेना. तिला वाटलं, गाव कंटाळलं.

तरी ती जायची. सवयीने मला काठोकाठ भरायची, हातगाडीवर ठेवून चौकात न्यायची आणि एकच बरणी पेटवून उभी राहायची. गाड्या जायच्या. आतले लोक स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करायचे आणि तिला एकटेपण हवंय या समजुतीने पुढे निघून जायचे. शेवटी ती मला गवतावर ओतायची. मित्रांनो, भरल्या पोटाने रिकामं होण्यासारखं दुःख नाही. त्या उन्हाळ्यात तिथलं गवत जळून गेलं.

शरद ऋतू पुन्हा आला. सिग्नेची बालमैत्रीण आल्मा खुब्याच्या ऑपरेशननंतर लेकीकडे डुलुथला होती, ती परतली. काठी टेकत चौकात आली.

"काय गं, पुतळ्यासारखी उभी? तुझ्यावर कबुतरं बसायची बाकी आहेत!"

"काही नाही. कॉफी जास्त झाली होती."

"मी थांबू का?"

"नको गं. गारठा आहे, तुझा खुबा..."

"थांबू का?"

"लोक काय म्हणतील?"

"लोक गेले खड्ड्यात. सिग्ने, थांबू का?"

"थांब," सिग्ने म्हणाली आणि वर्षभरात पहिल्यांदाच रडली. मग सगळं सांगितलं.

"पाद्रींनी कितीदा विचारलं?"

"एकदा."

"एकदा!" आल्माला हसावं की रडावं कळेना. "अगं, एकदा विचारल्यावर आपल्यात कुणी केकचा तुकडासुद्धा उचलत नाही!"

दुसऱ्या दिवशी तिने पाद्रींना तळघरातच गाठलं.

"पाद्रीसाहेब, टेक्ससमध्ये 'नको' म्हणजे काय हो?"

"नको म्हणजे नको."

"इथे 'नको' म्हणजे 'पुन्हा विचारा'. त्या माउलीला अर्धं वर्ष एकटं उभं केलंत तुम्ही. आणि आम्ही गाववाले तुमच्याहून गाढव. आम्हाला तर हे माहीत होतं!"

पाद्री कानापर्यंत लाल झाले. त्याच दुपारी ते सिग्नेकडे गेले आणि तीनदा विचारून आले. त्या रविवारी चौकात बरण्याच बरण्या होत्या. कार्स्टनचं नाव साऱ्यांनी घेतलं आणि मी तळापर्यंत रिती झाले.

पुढल्या वर्षी तिघे शिक्षक सुटले. कार्स्टन काडीसारखा होऊन आला. बंद दाराच्या खोलीत त्याला पुढे कधीच बसवत नसे. चौथ्याचा पत्ता लागला नाही. त्याच्यासाठी कार्स्टन पुढे कित्येक वर्षं चौकात उभा राहिला. सिग्ने लेकाच्या हाताचं खाऊन-पिऊन गेली. तिच्या मयतीची कॉफी आल्माने केली, आणि दोन हिवाळ्यांनी आल्माची कार्स्टनने. पाद्री व्हिटलॉक म्हातारे होईपर्यंत इथेच राहिले. ते पाहुण्यांना इतक्या वेळा विचारत, की लोक हसत.

मग कॉफीचं विजेचं यंत्र आलं. मी आता वरच्या फळीवर आहे. माझ्या पोटात मेणबत्त्यांची थोटकं ठेवली आहेत. परवा एक मुलगी म्हणाली, "हिला खाली काढू का?" कुणीतरी म्हणालं, "राहू दे." ती निघून गेली.

मित्रांनो, तुमच्या गल्लीतही कुणाचं तरी माणूस दूर अडकलेलं असेल आणि घरचं कुणी दाराशी वाट बघत असेल. विचारलंत तर 'नको' म्हणेल. तेवढ्यावर परत फिरू नका. जरा थांबा आणि पुन्हा विचारा.


तरीही 'नको' आलं, तर आणखी एकदा.