हनुमान लंकेला पोचेपर्यंत

"आशियाई ट्रायथलॉन स्पर्धेचा इतिहास चार पानं तरी पाहिजे," असं रोह्याच्या हैबतरावांनी बजावलं होतं. ते जिल्हास्पर्धेचे उद्घाटक. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, अशी ही स्पर्धा. आणि तेव्हा, नव्वदच्या दशकात, आशियात ती नुकती कुठे रांगायला लागलेली. तिचा इतिहास पोस्टाच्या तिकिटामागे मावला असता. पेणच्या कॉलेजातल्या खेळाच्या कमळाकर सरांनी मग सुरुवात थेट हनुमानापासून केली. हनुमान पोहला नव्हता, उडाला होता. पण पानं भरायची होती.

आता तीच पानं हैबतराव खाडीकाठच्या मांडवात अक्षर अक्षर लावून वाचत होते. शाली झाल्या होत्या, नारळ झाले होते, ज्यांचे राहिले त्यांचेही झाले होते. भरती मात्र सत्काराला थांबणारी नव्हती.

"सर, पानी उतराया लागलं," पुतळी म्हणाली.

मिठागरवाल्यांची ही पोर. पाण्यात तिच्या पुढे जाईल असं जिल्ह्यात कुणी नव्हतं. सायकल मात्र मागून आणलेली, तिची चेन दर चढाला पडायची. पोहण्यात आघाडी घेतली तरच ती पहिली येणार, आणि मुंबईहून आलेले निरीक्षक तिला आशियाई स्पर्धेच्या निवड शिबिराला नेणार.

"आता संपेल गो."

"हनुमान आजून हिकडंच हाय, सर."

सरांनी चिठ्ठी लिहून व्यासपीठावर धाडली. हैबतरावांनी ती पानांत ठेवली आणि ओघात वाचली, "तेव्हा मारुतीराया वदला, ओहोटी लागली आहे, कृपया आवरा."

टाळ्या पडल्या. हैबतरावांना हुरूप आला; ते पुन्हा एकदा वाचून दाखवू लागले.

सरांचं डोकं फिरलं. त्यांनी शिट्टी फुंकली. पोरं-पोरी धडाधड खाडीत शिरल्या. मागचे गुडघाभर चिखलात रुतले, पण पुतळी उरल्यासुरल्या पाण्यातून सपासप पलीकडे लागली, वळली आणि सगळ्यांच्या आधी परतली. सरांनी जन्मात पहिल्यांदा देवाला हात जोडले.

ती ठिबकत सायकलीकडे धावताना व्यासपीठावर बसलेल्या निरीक्षकांनी मांडीवरचा नारळ सावरत विचारलं, "ही मुलगी ओली कशी?"

तेव्हा सरांच्या ध्यानात आलं. कापडी फलकावर ऊन पडावं म्हणून व्यासपीठाची पाठ खाडीकडे केली होती. ती त्यांनीच.

"साहेब, ती पोहून आली. पहिली!"

"मी पाहिलं नाही. न पाहिलेलं कसं धरू? पुन्हा पोहायला सांगा."

पुतळीने खाडीकडे पाहिलं. तिथे आता नुसते खेकडे हिंडत होते.

"कशात पवू?" तिने विचारलं.

निरीक्षकांनी सरांकडे पाहिलं, सरांनी हैबतरावांकडे. हैबतरावांनी तिसरं पान उलटलं.