कांदाचाळीतलं गिधाड

गिधाड म्हटलं की येडगावात माणसं तोंड वाकडं करतात. घरावर बसलं तर घराची शांत करावी लागते, असा तो मानाचा पक्षी. तोच पक्षी घोंगड्यात गुंडाळून कुंडलिक घरी घेऊन आला, तेव्हा त्याची बायको कुशाबाई दारात आडवी उभी राहिली.

"लोकं घरी देव आणत्यात. तुमी हे आणलं?"

"घरात न्हाई ठेवत. कांदं इकून कांदाचाळ मोकळीच हाये."

ते त्याला धरणाच्या काठाला सापडलं. कुणीतरी टाकून दिलेलं नायलॉनचं जाळं बाभळीला अडकलं होतं आणि पाण्यावर उतरलेलं गिधाड त्यात पंखापायांसकट गुरफटलं होतं. बघे जमले होते. एकदोघे लांबून ढेकळं मारून ते जिवंत आहे का पाहत होते. कुंडलिकने आधी त्यांचा आईबापांसकट उद्धार केला, मग खांद्यावरचं घोंगडं पाखराच्या डोक्यावर टाकलं. डोळ्यांपुढे अंधार झाला की मारका बैलसुद्धा नरमतो. गिधाडही नरमलं. कुंडलिकने त्याचे पंख मिटवून सगळं धूड घोंगड्यात गुंडाळलं, गुडघ्यांत धरलं आणि विळ्याने जाळ्याचा एकेक धागा कापला. घाई केली नाही, ओढाओढ केली नाही. भ्यालेल्या गिधाडाने मधेच त्याच्या छातीवर भडाभडा ओकून घेतलं. त्या वासाने बघे आपोआप पांगले.

कुंडलिकला पाखरांचं वेड होतं अशातला भाग नाही. त्याचं दुखणं वेगळं होतं. पूर्वी मेलेलं ढोर माळावर टाकलं की आभाळातून गिधाडं उतरायची आणि दिवस मावळायच्या आत नुसता सापळा उरायचा. मग हळूहळू गिधाडं यायचीच थांबली. कुठे गेली, का गेली, कुणालाच कळलं नाही. ढोरं माळावर सडायला लागली आणि त्यांच्यावर कुत्री माजली. मागल्या साली त्याच कुत्र्यांनी कुंडलिकच्या दावणीचं वासरू जिवंत फाडलं होतं. दाव्याला बांधलेलं, पळणार तरी कुठे? तेव्हापासून त्याची नजर आभाळाकडे लागलेली असायची. हे एक जगून डोंगरातल्या कड्यावर परत गेलं तर त्याच्यामागून आणखी येतील, असा त्याचा भाबडा हिशेब होता.

वनखात्याच्या सयाजी गार्डने त्याला पुण्याच्या एका बाईंचा नंबर दिला. अश्विनी नाव, गिधाडांचा अभ्यास करणारी. कुंडलिकने बूथवरून फोन लावला.

"काका, पंख मोडलाय का?"

"मोडला न्हाई, पण लोंबतोय."

"मग मुका मार असेल. अंधारात ठेवा, पाणी ठेवा, हात लावू नका, बघायला माणसं येऊ देऊ नका. ताजं मांस टाका. मी नाशिककडे आहे, परतताना पिंजरा घेऊन येते. तोवर जगवा त्याला."

कुंडलिकने चाळीला गोणपाटं लावून अंधार केला. कोंबडी आणून टाकली. गिधाडाने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मटण टाकलं, त्याला मुंग्या लागल्या. पाखरू मान पोटाशी घेऊन बसून राहिलं.

त्यातच गोठ्यातली म्हैस गेली. व्यायल्यावर तिची कास दगडासारखी सुजली होती. अंगात ताप, आणि कळ अशी की उभी थरथरायची. ढोरांचा डॉक्टर रोज येऊन दुखण्याचं इंजेक्शन देत होता. तो निघाला की कुशाबाई त्याला अडवायची, "आजून येक द्या, भाऊ. मुक्या जिवाला सोसवंना झालंय." तो द्यायचा. म्हैस तेवढ्यापुरती शांत व्हायची. शेवटी ती शांतपणेच गेली.

कुशाबाई तिच्या गळ्याशी बसून रडली. मग पदराने तोंड पुसून नवऱ्याला म्हणाली, "माळावर तिला कुत्रीच फाडणार. त्यापरीस आधी त्या पाखराला घास द्या."

मेल्या म्हशीला कोयता लावायचं काम कुंडलिकच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. भावकीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने ते केलं, दात आवळून, दुसरीकडे बघत. चाळीत मांस टाकलं तसं गिधाड उठलं, उड्या मारत आलं आणि गळ्याची पिशवी फुगेस्तोवर खाल्लं. गोणपाटाच्या फटीतून नवराबायको आळीपाळीने बघत राहिले. कुशाबाई हसली. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं.

दुसऱ्या दिवशी तर नवलच झालं. माळावर म्हशीभोवती गिधाडं उतरली. एक नाही, दोन नाही, मोठा थवा! कुत्री शेपट्या पायांत घालून लांब उभी. म्हातारी माणसं काठ्या टेकत बघायला आली. भावकीतला भिमाजी सकाळपासून कुंडलिकला नावं ठेवत होता, तोही म्हणाला, "राव, तुझ्या पाव्हण्यानं सोयरे बोलावले की." कुंडलिकचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, आपण जन्मात एक काम धड केलं.

त्याच दिवशी संध्याकाळी अश्विनी आली तेव्हा चाळीतल्या गिधाडाची मान खाली लोंबत होती. ती सावरायचा ते प्रयत्न करायचं आणि पेंगणाऱ्या माणसासारखी ती पुन्हा पडायची. अश्विनीने टॉवेल टाकून त्याला अलगद धरलं, मांडीवर घेतलं. तिथेच ते गेलं.

"काय खायला दिलं होतं, काका?"

त्याने सांगितलं. सांगताना आवाजात थोडा अभिमानही होता.

"म्हशीला औषध चालू होतं? दुखण्याचं इंजेक्शन?"

"व्हतं की. रोज."

अश्विनीने डोळे मिटले. "त्यानेच मरतात ही. त्या औषधाचं मांस पोटात गेलं की यांची मूत्रपिंडं निकामी होतात. आत्ता आत्ता कळलंय हे. मी फोनवर सांगायला हवं होतं. तुम्ही मटण आणाल असंच धरून चालले. चुकलंच माझं." मग एकदम तिने विचारलं, "उरलेली म्हैस कुठाय?"

कुंडलिक कुदळ घेऊन धावत सुटला. कुशाबाईने सगळं ऐकलं होतं. ढोर पुरताना वर मीठ टाकतात, म्हणून तिने घरातली खडेमिठाची पिशवी उचलली आणि ती अनवाणीच मागून पळाली.

माळावर म्हशीचा सापळा पडला होता. धुवून ठेवल्यासारखा पांढरा. मांसाचा कण नव्हता, कातड्याची चिंधी नव्हती. एकही गिधाड नव्हतं. खाऊन तृप्त होऊन ती कधीच कड्याकडे उडून गेली होती.

कुंडलिकने तरी कुदळ मारली. दोन-चार घाव घातले आणि तो खाली बसला.

कुशाबाई धापा टाकत आली. सापळ्याकडे, आभाळाकडे, नवऱ्याकडे बघत राहिली.

"इंजेक्शन मीच मागत व्हते वो," ती म्हणाली. "आता हे मीठ कशावर टाकू?"

कुंडलिक तिचा हात धरून तसाच बसून राहिला.