निजलेला तांडेल

"दार पुरतं उघड. मी काय कैदी हाय?" विठोबा खाटेवरून म्हणाला.

तुळशीने दार अर्धंच उघडलं. पुरतं उघडलं की खाडीत परतणाऱ्या होड्या दिसत, होड्या दिसल्या की तो कोपरावर रेलून उठू पाही, आणि मग दिवसभर नवराबायकोचं वाजे. डॉक्टरांनी त्याला दीड महिना निजून राहायला बजावलं होतं. सगळं खाटेवरच, कूससुद्धा दुसऱ्याने बदलायची. आगरदांड्याच्या कोळीवाड्यात असा अंथरुणाला खिळतो तो मरणाराच, त्यामुळे भेटायला येणारे आवाज खाली करून बोलत. दुखण्यापेक्षा त्याला त्या आवाजाचाच जास्त राग येई. मिसरूड फुटायच्या आधीपासून होडीवर वाढलेला हा तांडेल, होडीचा म्होरक्या, आणि आता बायकोच्या हातून पेज प्यायची.

"अवो, पेज निवतेय."

"चांगदेवानं डोलीचं जाळं कुठं लावलं आज?"

"मला काय ठाव? प्या आदी."

चांगदेव त्याचा धाकटा भाऊ. विठोबा पडल्यापासून होडी तोच नेत होता. 'दादा उठेपर्यंत' असं तो म्हणे, आणि खलाशीही तसंच म्हणत.

तुळशी दमली होती. पहाटे मासळी निवडायची, डोक्यावर पाटी घेऊन विकायला जायचं, परत येऊन त्याचं अंग पुसायचं, तो चिडला की ऐकून घ्यायचं. पण कामाने माणूस दमतं ते झोपलं की उतरतं. तिचं उतरत नव्हतं, कारण मनात एक गोष्ट घर करून बसली होती.

ती पायाळू होती. आईच्या पोटातून डोक्याआधी पाय बाहेर आलेली. अशा माणसाने पाठीला पाय लावला की भरलेली उसण उतरते, म्हणून कुणाच्या पाठीत चमक निघाली की तो तिच्या अंगणात येऊन पालथा पडे. ती चुलीवरून उठून यायची, पाय लावायची आणि पुन्हा भाकरी थापायला जायची. त्यात तिला ना कौतुक ना कटकट.

त्या दिवशी विठोबा होडीवरून उतरला तोच पाठ धरून. खांद्यांच्या मधोमध दुखत होतं, डावा हात जड झाला होता, जबडा अवघडला होता, अंगाला गार घाम. जाळं ओढताना उसण भरली, हेच दोघांच्या मनात आलं. तो ओट्यावर पालथा झाला. तिने पाय लावला. उतरेना, म्हणून जोर देऊन पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तो भडाभडा ओकला आणि निपचित पडला.

मुरूडहून टांगा करून डॉक्टर आले. पोरसवदाच होते, पण मुंबईला शिकलेले. त्यांनी नळी लावून छाती पुष्कळ वेळ ऐकली.

"काळजाला रक्त नेणारी एक वाट बंद झालीय, बाई," ते म्हणाले. "त्या वाटेवरचं मांस मेलं. मेलेलं काही परत जिवंत होत नाही. आता ते मऊ पडेल. धोका तेव्हाच, फाटायची भीती असते. त्यातून निभावले की शरीर आपणहून तिथे वण धरेल. माझ्याजवळ त्याला औषध नाही. निजवून ठेवा, एवढंच."

तिने पायाचं सांगितलं नाही. पुढे तो झोपेत नुसता कण्हला तरी तिला आपली टाच आठवे. आणि विठोबा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला होता, "तुळशीनं पाय लावला म्हनून वाचलो." झालं, पाठ धरून येणारे वाढले. तिने एकालाही पाय लावला नाही. माझाच पाय दुखतो म्हणायची. तांडेलीण शेफारली, असं बाया बोलू लागल्या. तिने बोलू दिलं.

दिवाळी झाल्यावर डॉक्टर पुन्हा आले. छाती ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

"वण चांगला धरलाय असं दिसतं. उद्या दारापर्यंत चाला. मग अंगणात, मग हळूहळू किनाऱ्यापर्यंत."

"आनि होडीवर कवा?"

डॉक्टरांनी नळी पिशवीत ठेवली. "तांडेल, वण घट्ट असतो, पण तो मांसासारखा आकसत नाही. त्याच्या वाटणीचं काम उरलेल्या काळजाला करावं लागतं. ते करतंय. तुम्ही चालाल, फिराल, जगाल. जाळं ओढू नका."

"सुकानू?"

"वारा सुटला की सुकाणू धरणं म्हणजे ओढणंच ना?"

विठोबाने भिंतीकडे तोंड फिरवलं. तुळशी डॉक्टरांमागोमाग टांग्यापर्यंत गेली आणि घोड्याकडे बघत म्हणाली, "सायेब, त्या दिवशी मी त्यांच्या पाठीला पाय लावला व्हता. तीनदा. जोरात."

डॉक्टर पायरीवर पाय ठेवून थांबले. "पायाने हे होत नाही, बाई. ती वाट आतून बंद झाली होती." मग खोटं बोलायचं नाही म्हणून म्हणाले, "तेव्हा त्यांना पडून राहू द्यायला हवं होतं, एवढं खरं. पण तुम्हाला ते कसं कळावं?"

अर्धं ओझं उतरलं, अर्धं राहिलं. ती घरात आली, खाटेशी बसली आणि सगळं विठोबाला सांगून टाकलं.

"ठाव हाय मला," तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "डाक्तर पैल्यांदा बोलले तवाच तुजं तोंड पायलं."

"मंग लोकांना तसं का सांगत व्हता?"

"मंग काय सांगू? न्हायतर उद्या कुनी तुज्या पायालाच बोल लावला असता." त्याने तोंड तिच्याकडे वळवलं. "पेज हाय का गं?"

ती रडली. लग्न झाल्यापासून त्याच्यासमोर ती रडली नव्हती. पेज गरम करतानाही रडतच होती.

कार्तिक सरताना तो किनाऱ्यावर गेला. चांगदेवाची होडी बोंबलांनी भरून आली होती आणि खलाशी ती वर ओढायला दोराला लागले होते. विठोबाचे हातही दोरावर गेले. वर बायांत बसलेल्या तुळशीने पाहिलं, पण हाक मारली नाही. त्याने दोर धरला, थोडा वेळ नुसता धरून ठेवला, आणि आपणच सोडला.

"दादा, उद्या येतास?" चांगदेवाने विचारलं. "काय करू नको. नुसता बस."

"एका होडीत दोन तांडेल नसतात. होडी तुजी आता."

किनाऱ्याच्या वरच्या अंगाला बोंबील वाळवायला बांबूंवर दोऱ्या ताणलेल्या होत्या. वाळू डोळ्यांत जाऊ नये म्हणून बाया वाऱ्याला पाठमोऱ्या बसून बोंबील जोडत होत्या. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. हे काम बायांचं. विठोबा तिथे येऊन उभा राहिला तशी बोलणी थांबली. कुणी हसलं नाही. शेजारच्या राहीने पाटी सरकवली.

"इथं बसा, भावजी. ऊन कमी हाय."

तो तुळशीच्या बाजूला बसला, समुद्राकडे पाठ करून, आणि राहीचे हात कसे चालतात ते बघू लागला.