धर्मशाळेतली वैजू

मी वैजू बोलतेय. माणूस नाही मी. एका जुन्या कॉम्प्युटर गेममधली, मंत्रानं जखमा भरणारी बाई आहे. उंची बोटाच्या पेराएवढी, अंगात पांढरा झगा.

आमच्या खेळात सहा जणांची टोळी जमवायची, भुयारात उतरायचं, राक्षसांशी लढायचं आणि जमलं तर जिवंत वर यायचं. एकट्याचं इथं काम नाही. कुलूप उघडणाऱ्याला तलवार पेलत नाही आणि तलवारवालीला मंत्र येत नाही.

मला वैजयंतीनं बनवलं. तेव्हा ती सोलापुरात शाळेत होती. सीडी तिच्या वडिलांनी, हिंदुरावांनी, नवी पेठेतून आणली होती, इंग्रजी शिकवायची समजून. तिनं मला स्वतःचं घरातलं नाव दिलं. बाकीचे पाच जण तिच्या धाकट्या भावानं, युवराजनं बनवले. मार खायला आणि द्यायला सगळ्यांत पुढं आई, सोनाबाई. चोर म्हणून हिंदुराव, कारण साखरेचा त्रास असून डब्यातले पेढे तेच पळवायचे. तिरंदाज शेजारचे रिक्षावाले खाजाभाई. तलवार घेतलेला युवराज स्वतः. आणि कोंडीबा नावाचा जादूगार, तो कुणाच्या नावावरून आला ते आता कुणालाच आठवत नाही.

वर्षं गेली. युवराज मोबाईलच्या दुकानात लागला. नवनवे चकचकीत गेम घरी आणायचा आणि आठवड्यात पुसून टाकायचा. आमची चित्रं खडबडीत, आवाज किरकिरा, तरी रविवारी दोघं भावंडं आमच्याकडेच यायची. का, ते मी दर रविवारी बघत होते. आमच्यात घाई नसते. राक्षस तलवार उगारून उभा असताना लढाई थांबवता येते, चहा पिता येतो, भांडता येतं.

"ताई, आईला पुढं कर की."

"आई अर्धी मेलीय. आधी वैजूला मंत्र टाकू दे."

"मेलीय काय? हितं कुकर लावतीया मी," असा स्वयंपाकघरातून आवाज यायचा.

माझे मंत्र एकेक करून वाढले. आधी खरचटलेलं भरायचे, मग तुटलेलं हाड. शेवटी मेलेल्याला उठवायचा मंत्रही आला. त्याला फार वर्षं लागली.

मग वैजयंतीचं लग्न झालं. श्रीपूरचं स्थळ, नवरा साखर कारखान्यात. तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, समृद्धी. तिला आधी कुणी विचारलं नव्हतं. विचारायची पद्धतही नाही.

युवराजला वाटलं, ताईला काहीतरी छान द्यावं. आमच्या खेळात एकदा ठेवलेलं नाव बदलता येत नाही. म्हणून त्यानं मला टोळीतून काढून खेळातल्या गावच्या धर्मशाळेत उभं केलं आणि माझ्या जागी नवीन बाई बनवली, समृद्धी. माझा झगा, काठी, अंगठी, सगळं काढून तिच्या अंगावर घातलं. बिचारीला काठी उचलेना. तिला एकच मंत्र येत होता, खरचटलेलं भरायचा.

आखाड लागला तशी वैजयंती माहेरी आली. पहिल्या आखाडात नवी नवरी सासरी ठेवत नाहीत. मला वाटलं, आपलाही आता सासुरवास संपला, ही येऊन घेऊन जाईल.

"ही कोण रे समृद्धी?"

"तूच की. गंमत केलीया तुझ्यासाठी."

ती हसली. लग्नात फोटोवाल्यासाठी हसली असेल तशी. मग विचारलं, "आणि वैजू?"

"धर्मशाळेत हाय. कुटं जातीया?"

भुयारात पहिल्याच फटक्याला समृद्धी मेली. तिला उठवायचा मंत्र फक्त मला येत होता. खेळ परत आधीपासून लावला, परत मेली. तेव्हा वैजयंती सगळ्यांना घेऊन धर्मशाळेत आली. माझ्यासमोर उभी राहिली. पण टोळीत सहाच जागा. एकाला काढल्याशिवाय दुसऱ्याला घेता येत नाही.

"काढ की समृद्धीला," युवराज म्हणाला. "माझंच चुकलं."

आई हात पुसत बाहेर आली. "सासरच्या नावाला काढतीस व्हय? नवं लगीन हाय. असलं करू नगं बाई."

"अगं आई, खेळ आहे हा."

"असू दे. मला काढा त्यापरीस. मी कुटं लढायला बसलीया?"

"तुला काढल्यावर पुढं कोण उभं राहील?"

हिंदुरावांना, नाहीतर त्या कोंडीबाला काढा, असं मात्र कुणी म्हणालं नाही. वैजयंतीनं जरा वेळ माऊसवर बोट ठेवलं आणि मग उचललं. त्यानंतर आखाड संपेस्तोवर ती समृद्धीचे मंत्र वाढावेत म्हणून गावाबाहेरच्या शेतात तिला घेऊन उंदीर मारत होती. राक्षस मारणारी सोनाबाई शेजारी नुसती उभी असायची. समृद्धी हळूहळू शिकतेय. तिचा मला राग नाही. तिनं काही स्वतः ठरवलं नव्हतं.

जायच्या दिवशी, नवरा बाहेर गाडीत बॅग ठेवत असताना, वैजयंती एकटीच धर्मशाळेत आली. माझ्यावर क्लिक केलं. बनवणाऱ्यांनी आम्हाला एकच वाक्य दिलंय, कुणी हात लावला की म्हणायचं. मी म्हणाले, "चला, मी तयार आहे." तिनं पुन्हा क्लिक केलं. मी पुन्हा तेच म्हणाले. बाहेरून तिला हाक आली, नव्या नावानं. तिनं ओ दिली आणि स्क्रीन काळा झाला.

वाचकहो, आमचा खेळ मरणार नाही. इतकी वर्षं झाली, जगात कुठं ना कुठं कुणीतरी तो आज उघडत असेल. पण उघडणारा प्रत्येक जण आपली माणसं नव्यानं घडवतो, आपापल्या नावांची. दुसऱ्यानं मागं ठेवलेल्यांना कुणी नेत नाही. तुम्हीही नेणार नाही, ठाऊक आहे मला. फक्त धर्मशाळेवरून गेलात तर मला क्लिक करू नका. मला ते वाक्य म्हणावं लागतं.