ईस्टर नको असलेली बाई

"धरलीस ना नीट?" शिडीच्या वरच्या पायरीवरून अट्रॅक्टाने विचारलं.

"धरलीय गं. आणि पडलीसच तर संत योसेफाच्या अंगावर पडशील. त्याला काय, आयुष्यभर सगळं निमूट सांभाळायचीच सवय," खालून डीलिया म्हणाली.

अट्रॅक्टाने जांभळं कापड योसेफाच्या डोक्यावरून खाली ओढलं आणि पाठीमागे टाचण्या लावायला घेतल्या. ईस्टर तोंडावर आला की चर्चमधल्या सगळ्या पुतळ्यांनी असं जांभळ्या कापडाखाली तोंड लपवून बसायचं, हा त्या गावचा रिवाज. आणि ती तोंडं झाकायचं काम वर्षानुवर्षं अट्रॅक्टाचं. फुलं तिची, मेणबत्त्या तिच्या, वेदीवरची पांढरी वस्त्रं धुऊन इस्त्री करायची तीही तिनेच. डीलिया ही तिची शेजारीण. ती मदतीला येई आणि मदतीच्या दुप्पट बोले.

"बाकी तुझ्या मॅलकीची कमाल आहे हं," डीलिया आता मूळ मुद्द्यावर आली. "यंदाही उपवासकाळात दारूच्या थेंबाला शिवला नाही म्हणे. सगळे पितात त्या संत पॅट्रिकच्या सणालासुद्धा! आमच्या ह्यांनी साखर सोडली होती. राखेच्या बुधवारी सोडली आणि शुक्रवारी परत धरली. नशीबवान आहेस बाई."

टाचणी अट्रॅक्टाच्या बोटात घुसली. तिने बोट तोंडात घातलं, त्यामुळे उत्तर द्यायचं टळलं.

नशीबवान! हा शब्द तिने इतक्या जणींच्या तोंडून ऐकला होता की आताशा तो ऐकला तरी तिच्या डोक्यात तिडीक जायची. तिचा नवरा मॅलकी डर्कन हा गावचा गवंडी. शेताशेतांमधल्या दगडी कुंपणभिंती रचण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. स्वभावाने वाईट म्हणावा तर तसंही नाही. त्याने कधी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. तसं काही असतं तर निदान कुणाला सांगता तरी आलं असतं. मॅलकी फक्त घरात नसायचा. काम सुटलं की तो थेट पॅकीच्या पबमध्ये जाई, आणि घरी परत येई ते त्याचं नुसतं शरीर. ते बुटांसकट चुलीपाशी खुर्चीत झोपून जाई. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर अट्रॅक्टाचं ऑपरेशन झालं. घरी सोडणार त्या दिवशी मॅलकी तिला न्यायला निघाला आणि वाटेत एक मिनिट पॅकीकडे थांबला. ती इस्पितळाच्या दारात पिशवी मांडीवर घेऊन अंधार पडेपर्यंत बसली. शेवटी डीलियाचा नवरा तिला घेऊन आला. दुसऱ्या दिवशी मॅलकी लहान मुलासारखा रडला, हजारदा माफी मागितली, आणि संध्याकाळी पुन्हा पॅकीकडे गेला.

पण ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपवास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन जो मॅलकी घरी येई, तो वेगळाच माणूस असे. दिवसाउजेडी घरी येणारा. टेबलाशी बसून हेरिंग मासा आणि बटाटे खाणारा, कुठल्या शेतकऱ्याने भिंतीवरून कशी हुज्जत घातली त्याच्या नकला करून दाखवणारा. शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये 'क्रूसाची वाट' ही प्रार्थना असे. तिथून परत येताना तो तिच्या कोपरात हात अडकवून चाले. अख्खं गाव उपवासकाळात कोरड्या पावावर आणि बिनदुधाच्या चहावर वाळत असे, अट्रॅक्टाच्या अंगावर मात्र मूठभर मांस चढे. लग्न लग्न म्हणतात ते तिच्या वाट्याला वर्षातून एवढंच यायचं.

आणि मग ईस्टर यायचा. तो जवळ येऊ लागला की ती रोज उरलेले दिवस बोटांवर मोजू लागे. पण हे बोलणार कुणापाशी? प्रभू मेलेल्यांतून उठतो त्या दिवसाची धास्ती घेणारी ख्रिस्ती बाई कुणी पाहिलीय?

शेवटी तिने ते पापनिवेदनाच्या खोक्यात सांगितलं. ईस्टरच्या आधी झाडून सगळं गाव पापं सांगायला येई, त्यामुळे बाहेर रांग होती आणि आत फादर लॉफ्टस आधीच दमलेले होते.

"फादर, मी पाप केलंय," जाळीशी तोंड नेऊन ती म्हणाली. "मला ईस्टर नकोय."

जाळीपलीकडे खुर्ची करकरली. "नकोय म्हणजे?"

"म्हणजे प्रभूनं अजून महिनाभर कबरीतच राहावं, असं वाटतं. तशी प्रार्थनासुद्धा केलीय मी."

फादरांना खोकला आला. तो संपेपर्यंत तिने सगळं सांगून टाकलं. "तुम्ही त्याला सांगा ना फादर. उपास अजून पन्नास दिवस, पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत चालू ठेव म्हणावं. तुमचा शब्द तो मोडायचा नाही."

"अगं अट्रॅक्टा, ईस्टरचा काळ आनंदाचा. आनंदाच्या काळात उपास करायला सांगणं चर्चच्या रीतीत बसत नाही."

"आणि माझा आनंद? तो कुठे बसतो?"

"हे बघ, मॅलकीसारखा उपवासकाळ पाळणारा माणूस आपल्या धर्मग्रामात दुसरा नाही. मी दरवर्षी लोकांना त्याचं उदाहरण देतो."

"देता ना! तिथेच तर सगळा घोळ आहे, फादर. तुम्ही त्याची पाठ थोपटता, पॅकी थोपटतो, अख्खं गाव थोपटतं..."

बाहेर रांगेत कुणीतरी मुद्दाम घसा खाकरला. फादर घाईने म्हणाले, "तीन वेळा नमो मरिया म्हण, आणि धीर धर." अट्रॅक्टाने दातओठ खात तीन वेळा नमो मरिया म्हटलं. धीर मात्र तिला धरवेना. तो तिने लग्न झाल्यापासून धरलाच होता.

त्या संध्याकाळी मॅलकी चुलीपाशी बसून गुणगुणत बटाटे सोलत होता. तिने विषय काढला.

"मॅलकी, ईस्टरनंतरही असंच राहिलास तर?"

"असंच म्हणजे?"

"न पिता."

तो हसला. "का? मी दारुडा आहे का? दारुड्याला सोडता येते होय? मी दरवर्षी सोडतो, गाव साक्षीला आहे. दुसरे रविवारची सूट घेतात, मी तीही घेत नाही."

"म्हणून तर म्हणते. सोडता येते, तर सोड ना."

"वा गं वा! देवाला मी चाळीस दिवस देतो. तुला देवापेक्षा जास्त हवंय?"

तो पुन्हा बटाट्याकडे वळला. अट्रॅक्टाचा असा संताप झाला की तिच्या तोंडून जे निघालं ते तिने आधी ठरवलेलंच नव्हतं.

"जास्त नकोय मला. एक दे."

"एक काय?"

"दिवस. ईस्टरचा रविवार. उपास संपलेला असेल, देवाचं देवाला पोचलेलं असेल. तो एक दिवस कोरडा राहा. देवासाठी नाही, गावासाठी नाही. माझ्यासाठी."

"एकच?" मॅलकीला हसू आवरेना. "एवढंच ना? अगं, हा दिला!" आणि गुरांच्या बाजारात सौदा पक्का करतात तसा तो तळहातावर थुंकला आणि त्याने तिच्या हातावर हात मारला. अट्रॅक्टाने बराच वेळ तो हात धुतला नाही.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी ती पुतळ्यांची कापडं काढून घड्या घालत होती, तेव्हा खिडकीतून फाटकाशी चाललेलं बोलणं ऐकू आलं. पॅकीचा खर्जातला आवाज ती हजारांत ओळखायची.

"अरे मॅलकी, आमच्या बापाच्या वेळी शनिवारी बाराच्या ठोक्याला उपास सुटायचा. हे रात्रीपर्यंत ताणायचं खूळ नंतरचं. चल, बारा वाजून गेलेत."

"तुझ्या बापाचं तुझ्या बापापाशी," मॅलकी म्हणाला. "चर्चमधली रात्रीची मिस्सा झाल्याशिवाय मी कशाला शिवत नाही. आणि उद्याही नाही. उद्याचा दिवस दुसऱ्याला दिलाय."

अट्रॅक्टाने घडी घातलेलं कापड पुन्हा उलगडलं आणि पुन्हा त्याची घडी घातली. तिला उगाचच हसू येत होतं. त्या रात्री चर्चच्या आवारात ईस्टरचा अग्नी पेटला, हातोहात मेणबत्त्या लागल्या, गुरुवारपासून गप्प बसलेल्या घंटा एकदम वाजू लागल्या. आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच अट्रॅक्टाने आलेलुया खणखणीत आवाजात म्हटलं.

रविवारच्या मिस्सेला फादर लॉफ्टस प्रवचनात म्हणाले, "नाव घेत नाही, पण आपल्यात एक जण असा आहे की ज्याच्याकडून उपवासकाळ कसा पाळावा हे आपण शिकावं." अख्ख्या चर्चच्या माना मॅलकीकडे वळल्या. अट्रॅक्टाने फादरांकडे बघितलं. फादरांनी नजर प्रार्थनेच्या पुस्तकात घातली.

बाहेर पुरुषांचा घोळका वाट बघतच होता. पॅकीने मॅलकीच्या पाठीवर थाप मारली. "पहिला ग्लास माझ्याकडून, दरवर्षीसारखा. आता उघडतोच आहे."

"आज नाही. आज हिचा दिवस आहे," मॅलकी हसत म्हणाला.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग एकच हशा पिकला.

"म्हणजे रोमनं उपास सोडला आणि अट्रॅक्टानं धरून ठेवला!"

"पोपबाईंना विचारून सांग रे, आम्हाला तरी परवानगी आहे का?"

मॅलकीही हसला, पण त्याचे कान लाल झाले. घरी जाताना त्याने तिच्या कोपरात हात अडकवला नाही.

अट्रॅक्टाने कोकराचं मटण भाजलं होतं. पुदिन्याची चटणी, लोण्यात परतलेले बटाटे, उकडून रंगवलेली अंडी. मॅलकी टेबलाशी बसला. उठला. पेपर उघडला, मिटला. मटण अळणी आहे म्हणाला, मग मीठ घालून खारट आहे म्हणाला. तिने भिंतीवरून हुज्जत घालणाऱ्या शेतकऱ्याचा विषय काढला, तर "काही नाही त्याचं" एवढंच. उपवासकाळातल्या एकाही संध्याकाळी त्याने दाराकडे बघितलं नव्हतं. आज त्याची नजर दारावरून हलत नव्हती. दात काढून घ्यायला आलेला माणूस बसतो तसा तो तिच्यासमोर बसला होता.

"बरं वाटत नाहीये का?" तिने विचारलं.

"बरा आहे की. मला काय झालंय?" तो खेकसला. मग उठला. "कोंबड्यांच्या खुराड्याचं दार बघून येतो. सैल झालंय."

खुराडं घराच्या मागे होतं. खिडकीतून तिला त्याची रविवारची टोपी पुढच्या रस्त्याने उताराला जाताना दिसली. तो भरभर चालत होता.

ती खुर्चीवर बसली. तिला रडू आलं नाही, पण अंगाची लाही लाही झाली. देवासाठी चाळीस दिवस जो माणूस डोळ्यांची पापणी न लववता काढतो, त्याला तिच्यासाठी जेवण संपेपर्यंतसुद्धा बसवलं नाही! त्याच्या ताटात मटणाचे दोन तुकडे कापून तसेच पडले होते. तिने ते झाकून ठेवले नाहीत. कोट चढवला, रविवारची हॅट डोक्यावर नीट बसवली आणि ती निघाली.

पॅकीच्या पबला पुढे किराण्याचं दुकान होतं. बायका तिथून चहा-साखर घेत आणि परत फिरत. मधलं दार ओलांडून आत गेलेली गावातली बाई कुणाला आठवत नव्हती. अट्रॅक्टाने ते दार ढकललं. आतल्या दोघा-तिघांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या.

मॅलकी कडेच्या स्टुलावर बसला होता. समोर काळ्या बिअरचा ग्लास होता, काठोकाठ भरलेला.

"मी... नुसता बसलोय गं," तो म्हणाला.

"बस की. मी पण बसते." तिने दुसरं स्टूल ओढलं आणि त्याच्याशेजारी बसली.

"अट्रॅक्टा, घरी जा. लोक बघतायत."

"बघू देत. दरवर्षी तुझा उपास बघतात, आज माझा सण बघू देत. दिवस माझा आहे, मॅलकी. हातावर हात मारलायस तू. तुला तो इथे घालवायचा असेल तर मी इथे बसून घेईन."

पॅकी फडक्याला हात पुसत पुढे आला. "काय... काय देऊ, बाई?"

"चहा. दूध घालून."

पॅकी आत घरात गेला आणि आपल्या बायकोच्या लग्नातल्या कपबशीतून चहा घेऊन आला. मॅलकीचा हात ग्लासाभोवती होता. तो बराच वेळ तसाच राहिला. तिला वाटलं, उठेल. एकदा तो खरंच थोडा उठल्यासारखा हलला. मग त्याने ग्लास उचलला आणि डोळे मिटून एका दमात अर्धा संपवला.

त्याचे खांदे सैल झाले. कपाळावरच्या आठ्या गेल्या. चेहऱ्यावर मऊ, तृप्त, कुणावर तरी माया करणारं हसू पसरलं. तेच हसू, जे घेऊन तो उपवासकाळात रोज संध्याकाळी घराचं दार उघडायचा. ते आपल्यासाठी असतं, असं इतकी वर्षं ती समजत होती. पण चाळीस दिवस मोजत तो तेव्हाही रोज एकेक पाऊल या स्टुलाकडेच चालत असायचा.

"बरं वाटलं?" तिने विचारलं.

मॅलकीने मान डोलावली. तिच्याकडे बघितलं नाही.

अट्रॅक्टाने पर्स मांडीवर नीट ठेवली, पाठ ताठ केली आणि कप उचलला. चहा कडक होता. तो तिने सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, आणि पॅकीला सांगितलं, "अजून एक आणा."