टाच, सपाट आणि अनवाणी

पाणीपुरवठा कार्यालयातल्या हेडक्लार्कची पाठ एका सोमवारी साहेबांच्या डोळ्यांदेखत गेली. शिपाई रजेवर होता, थंड पाण्याच्या मशीनवरचा जार रिकामा झाला होता आणि साहेबांना तहान लागली होती. "त्यात काय, मी चढवतो," म्हणून हेडक्लार्क कमरेत वाकले. भरलेला जार त्यांनी छातीपर्यंत आणला आणि मग जार एकीकडे, हेडक्लार्क दुसरीकडे असे दोघेही खाली आले. एरवी लोकांच्या नळाला न येणारं पाणी त्या दिवशी कार्यालयात टेबलांखालून खळखळून वाहिलं.

हाडांच्या डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली आणि सांगितलं, "एक तर यापुढे काही उचलू नका, नाहीतर नीट उचलायला शिका. जवळपास एखादी जिम असेल ना?"

जिम घराच्या मागच्याच गल्लीत होती, गॅरेजच्या वरच्या मजल्यावर. पाठ बरी झाल्यावर हेडक्लार्क नवे कोरे, जाड स्पंजचे पळायचे बूट घालून तिथे गेले. दारातच त्यांना तिथे रोज येणारे एक दंतवैद्य भेटले. दंतवैद्य अनवाणी होते. त्यांनी आधी बुटांकडे पाहिलं, मग हेडक्लार्ककडे, एखादी किडकी दाढ पाहावी तसं.

"हे घालून वजन उचलणार? गादीवर उभं राहून कपाट सरकवण्यासारखं आहे हे. पायाला जमीन कळली पाहिजे."

"पाय काय परीक्षेला बसलाय, त्याला जमीन कळायला?" पलीकडून जिमचे कोच म्हणाले. ते स्वतः लाकडी टाचेच्या बुटांत टकटक करत आले. "तुम्ही त्यांचं ऐकू नका. टाच उंच हवी. टाच उंच असली की माणूस ताठ बसतो आणि ताठ उठतो."

हेडक्लार्क तसे विचारी गृहस्थ. पूर्ण विचार झाल्याशिवाय त्यांच्या टेबलावरून कागद हलत नसे, आणि पूर्ण विचार झाल्याचं आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी वजनाच्या प्लेटा न लावता नुसताच मोकळा लोखंडी बार उचलला, खाली ठेवला आणि विचारात पडून घरी आले.

त्यांची बायको मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. ती वह्या तपासत बसली होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, "अहो, पण वजन हातानंच उचलायचं ना?"

"पाया महत्त्वाचा. पायावर इमारत उभी राहते."

"मग इमारत कधी दिसेल?" तिनं विचारलं आणि पुढची वही उघडली.

आधी लाकडी टाचेचे बूट आले. सवय व्हावी म्हणून हेडक्लार्क ते घालून घरभर फिरू लागले. खालच्या मजल्यावरची म्हातारी जिना चढून वर आली आणि घरात सुतारकाम कधी संपणार, असं विचारून गेली. मग त्यांनी कुठेतरी वाचलं की टाचेनं माणूस पुढे झुकतो, आणि त्यांचं मन उडालं. ते बूट पलंगाखाली गेले आणि पातळ तळव्याचे सपाट कॅनव्हासचे बूट आले. ते महिनाभर टिकले. तेवढ्यात दंतवैद्यांनी त्यांना गाठून सांगितलं, की कॅनव्हास झाला तरी पडदा तो पडदाच. मग तेही पलंगाखाली गेले आणि हेडक्लार्क अनवाणी झाले.

या सगळ्या काळात त्यांनी मोकळ्या बारापलीकडे काही उचललं नव्हतं. पायांचा निकाल लागण्याआधी वजन वाढवणं त्यांना बेजबाबदारपणाचं वाटे. बोलणं मात्र वाढलं. कार्यालयातसुद्धा ते टेबलाखाली बूट काढून बसू लागले. एकदा साहेबांच्या खोलीत तसेच गेले.

"बूट कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"सर, असं जमीन कळते."

"कळली की सांगा," साहेब म्हणाले आणि सही करू लागले.

जिममध्ये तोवर दोन तट पडले होते. बूटवाले खिडकीकडे, अनवाणी आरशाकडे. एकमेकांच्या प्लेटांना कुणी हात लावेना. अनवाण्यांच्या पायांचे ठसे फरशीवर उमटतात म्हणून बूटवाले नाक मुरडत, आणि बूटवाल्यांनी बाहेरची घाण आत आणली की अनवाणी बोटं आखडून घेत. शेवटी कोचनी तोडगा काढला. रविवारी सकाळी दोन्हीकडचा एकेक माणूस जमिनीवरून सारखंच वजन उचलेल, आणि ज्याला जमेल त्याची बाजू खरी. दोन वेगळ्या माणसांच्या जोरावरून पायताणाचा न्याय कसा करायचा, हे कुणीच विचारलं नाही. वाद जिंकायचा असला की असले प्रश्न माणसाला पडत नाहीत.

अनवाण्यांकडून दंतवैद्य उतरतील अशीच सगळ्यांची समजूत होती. पण रविवारी दंतवैद्यांनी हेडक्लार्कच्या खांद्यावर हात ठेवला. "इतकं मुद्देसूद आपल्यात दुसरं कुणी बोलत नाही. मान तुमचाच." आजवर आपण मोकळाच बार उचलत आलो, हे सांगायची हेडक्लार्कना ही शेवटची संधी होती. ती त्यांनी भाषण करण्यात घालवली. माणूस जन्माला येतो तेव्हा बूट घालून येत नाही, इथपासून त्यांनी सुरुवात केली. टाच ही दुबळ्यांची कुबडी आहे, असं ते म्हणाले, आणि टाळ्या झाल्या.

टाळ्या थांबल्यावर बार तेवढा समोर राहिला. दोन्ही बाजूंना प्लेटा चढवलेल्या होत्या. हेडक्लार्कनी पाय रोवले, दहाही बोटं फाकवली, श्वास कोंडला आणि ओढलं. बार हलला नाही. पुन्हा ओढलं. मानेच्या शिरा तटतटल्या, कान लाल झाले, बार जागचा ढिम्म. जमीन मात्र त्या दिवशी त्यांच्या पायाला पुरेपूर कळली.

"आता आमच्याकडून," कोच म्हणाले. "आमच्या बाजूनं उतरणारा वायरमन आज आलेला नाही. त्याच्याऐवजी दुपारच्या बॅचमधल्या बाई उचलतील."

बायकांच्या घोळक्यातून हेडक्लार्कची बायको पुढे आली. ती सामना बघायला आली असेल, अशीच त्यांची आतापर्यंत समजूत होती. तिनं केस मागे घट्ट बांधले होते, आणि पायांत हेडक्लार्कचेच सपाट कॅनव्हासचे बूट होते. ते मोठे होत होते म्हणून तिनं आत मोज्यांचे दोन जोड चढवले होते. तिनं नवऱ्याकडे बघायचं टाळलं, बाराकडे बघितलं, खाली बसल्यासारखी झाली आणि उभी राहिली. तिच्याबरोबर बारही उभा राहिला. मग तिनं तो आवाज न करता खाली ठेवला.

मग सगळे एकदम बोलू लागले.

"बूट जिंकले," कोच म्हणाले.

"कुठले बूट? टाच आहे का त्यांना?" दंतवैद्य खाली वाकून बघत म्हणाले. "शिवाय ते सैल आहेत. आत पाय मोकळाच आहे. म्हणजे तत्त्वतः बाई अनवाणीच."

"मोज्यांचं काय मग?" कुणीतरी विचारलं, आणि मोजेवाल्यांचा तिसरा तट तिथल्या तिथे उभा राहिला. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहिला नाही. या गोंधळात उचललं कुणी, हे बाजूलाच पडलं. बाईंनी टॉवेल घेतला आणि त्या जिना उतरल्या.

हेडक्लार्क त्यांच्या मागोमाग उतरले. चपला वरच राहिल्याचं त्यांना गल्लीतल्या खडीनं सांगितलं, पण परत वर जायचं धैर्य त्यांच्यात नव्हतं. अर्ध्या गल्लीत त्यांनी बायकोला गाठलं.

"कधीपासून चाललंय हे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही टाचेचे टाकलेत तेव्हापासून. शाळा सुटली की मोकळीच असते. तुम्ही जे टाकाल ते मी घालून बघायची."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही कुठल्या बुटात, एवढंच विचारलं असतं."

हे खरं होतं. हेडक्लार्कनी एक खडा चुकवला आणि विचारलं, "समोर मी आहे हे माहीत होतं?"

"मला वाटलं दातांचे डॉक्टर उचलणार. तुम्ही उभे राहिलात तेव्हा माघार घ्यावीशी वाटली."

"मग?"

"मग तुमचं भाषण ऐकलं."

त्यांना राग यायला हवा होता. त्यांनी आत चाचपून पाहिलं, पण तिथे राग सापडला नाही. बार सरळ वर जाताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं, ते त्यांनी संसारात इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा पुन्हा तेच डोळ्यांपुढे येत होतं.

"पण खरं काय मग?" घराचं कुलूप काढताना त्यांनी हळूच विचारलं. "टाच की सपाट?"

"बार खांद्यावर घेऊन उठाबशा काढायच्या तर टाचेनं सोपं जातं. जमिनीवरून उचलायचं तर सपाट बरं. अनवाणीही चालतं, प्लेट पायावर पडली नाही तर. यात भांडण्यासारखं काय आहे?"

हेडक्लार्कना हे फारच थोडक्यात वाटलं. एवढ्यावर कुठलाही वाद महिनाभर चालू शकत नव्हता.

पुढच्या आठवड्यात ते दुपारी रजा टाकून जिममध्ये गेले. त्या वेळी तिथे तट नव्हते, चार बायका होत्या आणि पंखा होता. बायकोनं बाराला सर्वांत लहान प्लेटा लावल्या. ते ओशाळले, पण वाकले.

"कमरेतून नाही. गुडघ्यातून," ती म्हणाली. "पाठ ताठ. समोर बघा, पायांकडे नको."

त्यांनी समोर पाहिलं. बार नडगीला घासत वर आला आणि गुडघे ओलांडून मांड्यांपाशी थांबला. हेडक्लार्क उभे होते. आपण उभे आहोत यावर त्यांचा विश्वास बसेना, म्हणून ते तसेच उभे राहिले, गाल फुगवून, लालबुंद.

"श्वास सोडा आता," बायको म्हणाली.