दुमडीतला धागा

सोमवारी सकाळी सव्वाअकरा वाजता टाकेबाईंनी मुख्याध्यापिकेच्या टेबलावर सातवीतल्या एका मुलीचा फिकट निळा शर्ट पसरला, पिशवीतून छोटी कात्री काढली आणि स्वतःच घातलेले टाके उसवायला सुरुवात केली.

"अहो, हे काय करताय?" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"फाटलेलं दाखवा म्हणालात ना? दाखवते."

खोलीत तिघीच होत्या. मुख्याध्यापिका, टाकेबाई आणि त्या मुलीची आई. आई बसकंडक्टर. दुपारची पाळी होती, म्हणून अंगावर खाकी गणवेश घालूनच आली होती. मुलगी घरी होती. शुक्रवारपासून शाळेची वेळ झाली की तिला उलट्या होत होत्या.

टाकेबाई हे खरं नाव नव्हे. शाळेतल्या मुलांनी ठेवलेलं, पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलेलं. शाळेमागच्या गल्लीत त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक शटर, एक मशीन, एक इस्त्री आणि गिऱ्हाइकासाठी उंच स्टूल. एकतीस वर्षं त्या याच मशीनवर बसत होत्या. चेन बदलणं, पँटची लांबी कमी करणं हे रोजचं काम. पण त्यांची खरी ख्याती रफूची. कपडा परत देताना त्या गिऱ्हाइकाला म्हणायच्या, "फाटलं होतं कुठे ते शोधून दाखवा." गिऱ्हाईक कपडा उजेडात धरायचं, उलटा करायचं, हरायचं. टाकेबाईंना या खेळाचा कधी कंटाळा आला नाही.

सातवीतली ती मुलगी वर्षभर येत होती. चष्मा, दोन वेण्या, पाठीवर स्वतःपेक्षा मोठं दप्तर. शर्ट कायम एकाच प्रकारे फाटलेला. काखेत, पाठीच्या जोडावर, खांद्यामागे.

"घसरगुंडीवरून उलटी येतेस की काय गं?" टाकेबाईंनी एकदा विचारलं होतं.

"हो," मुलगी म्हणाली होती.

"मग जरा माणसासारखं खेळावं. कपडा काय झाडाला लागतो?"

"हो, आजी."

रफूला धागा त्याच कापडाचा लागतो. तो शर्टाच्या खालच्या दुमडीतून, आतल्या बाजूने काढायचा, म्हणजे रंग तंतोतंत मिळतो. नवव्या वेळी त्या शर्टाची दुमड संपली. एकतीस वर्षांत एकाही मुलाच्या शर्टाची दुमड संपली नव्हती. टाकेबाईंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी कॉलरच्या आतून धागा काढला. विचारलं मात्र काहीच नाही.

शुक्रवारी मुलीने आईला सांगितलं आणि दंडावरचे वळ दाखवले. मधल्या सुट्टीत मागच्या जिन्यापाशी नववीतल्या चार-पाच जणी तिला धरतात. दोघी दोन बाह्या धरतात, एक जण मागून शर्ट मुठीत पकडते आणि तिला व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवतात. खेळाचं नाव घोडागाडी. ती थांबली की मागून ओढतात. चष्मा आधीच काढून घेतात, फुटू नये म्हणून.

गुरुवारीच रफू होऊन आलेला शर्ट घेऊन कंडक्टरबाई तशीच शाळेत गेली. मुख्याध्यापिकांनी तो उलटसुलट पाहिला आणि शनिवारी लेखी उत्तर दिलं. शाळेचा शिक्का असलेल्या कागदावर दोन ओळी होत्या: गणवेश सुस्थितीत असल्याचे आढळले. तक्रारीत तथ्य दिसून येत नाही.

तो कागद आणि तो शर्ट घेऊन ती शनिवारी संध्याकाळी दुकानात आली.

"काकू, तुम्ही इतकं सुरेख केलंय की आमच्यावर कोणी विश्वासच ठेवत नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. दिवसभर बसमध्ये ओरडणाऱ्या बाईचा आवाज इतका खाली आलेला टाकेबाईंनी कधी ऐकला नव्हता.

टाकेबाईंनी कागद दोनदा वाचला. मग सगळं विचारून घेतलं. पडून फाटतं ते गुडघ्यावर, कोपरावर. काखेत आणि पाठीवर फाटतं ते कोणीतरी मागून ओढल्यावर. हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. हे त्यांना वर्षभर माहीत होतं. घसरगुंडीचं उत्तर त्यांनीच त्या पोरीच्या तोंडात घातलं होतं.

"पोर कुठंय?"

"ही काय, बाहेर. आत ये म्हटलं तर येत नाही."

मुलगी रस्त्याच्या पलीकडे बंद दुकानाच्या पायरीवर उभी होती. ती टाकेबाईंकडे पाहत नव्हती. ती स्टुलाकडे पाहत होती. स्टुलावर टाकेबाईंची नात बसली होती, नववीतली. रोज संध्याकाळी शाळेतून ती इथेच यायची, बिस्किटं खायची, आजीला फळीवरची रिळं काढून द्यायची. नातीने एकदा पलीकडे पाहिलं आणि मान खाली घालून मोबाइलमध्ये बोट फिरवायला लागली.

रोज यायची म्हणजे गुरुवार सोडून. गुरुवारी तिचा धावण्याचा सराव असायचा.

आणि ती मुलगी वर्षभर फक्त गुरुवारी येत होती.

रविवारी सकाळी, मुलगा आणि सून घरात असतानाच, टाकेबाईंनी नातीला समोर बसवलं.

"घोडागाडीत मागून कोण धरतं?"

नातीने आधी आईकडे पाहिलं. "कसली घोडागाडी?"

"मी सुईच्या नेढ्यातून दोरा ओवते. मला दिसत नाही असं समजू नकोस."

"सगळ्याच करतात, आजी. मस्करी असते. ती पण हसते."

"चष्मा काढून घेतल्यावर?"

"मी फक्त मागून धरते. पाय जोरात आहेत म्हणून," नात पुटपुटली. मग वर म्हणाली, "ती ढापणी काहीच बोलत नाही ना कधी. नको असतं तर बोलली असती."

टाकेबाईंचा हात उठला आणि हवेतच थांबला. सुनेने तो पाहिला. टाकेबाईंनी तो परत मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवला. मारलं असतं तर पोरीला एवढंच कळलं असतं की मोठा हात लहानाला मारतो. ते तर तिला आधीच येत होतं.

"उद्या मी शाळेत जाणार आहे," त्या म्हणाल्या.

"आई, घरातलं घरात मिटवू," मुलगा म्हणाला. "मी समजावतो हिला. शनिवारी हिची स्पर्धा आहे. वर्षभर पळतेय पोरगी."

"वर्षभर दुसरी पण पळतेय. व्हरांड्यात."

"अगं, पण लोक काय म्हणतील? स्वतःच्या नातीचं नाव स्वतः घेऊन गेली?"

"लोकांचे कपडे मी आतून बघते. त्यांनी मला सांगू नये."

"आणि ती माणसं? ती कंडक्टरीण? ती उद्या सगळ्या गावात हिची—"

"त्या बाईने पोरीच्या अंगावरचे वळ बघितलेत," टाकेबाई म्हणाल्या. "आणि तुला तुझ्या पोरीच्या नावाची पडलीय." हे त्या ओरडून म्हणाल्या. शेजारचा रेडिओ बंद झाला.

सोमवारी उसवायला वीस मिनिटं लागली. रफू करण्यापेक्षा काढणं अवघड; चांगलं रफू तर फारच. टाकेबाई एकेक जागा बोटाने चाचपून शोधत होत्या, कारण डोळ्यांना त्यांनाही दिसत नव्हती. एक उसवली की तिच्याजवळ खडूने आकडा घालत होत्या. अकरावा आकडा घातल्यावर त्यांनी शर्ट उचलून खिडकीसमोर धरला. पाठीतून शाळेचं मैदान दिसत होतं.

मुख्याध्यापिका वाईट बाई नव्हत्या. सातशे मुलं, दोन शिक्षक कमी, वरून रोज एक नवा फॉर्म. त्यांनी शर्टाच्या एका भोकात बोट घालून पाहिलं.

"मी पाहिला तेव्हा खरंच काही दिसत नव्हतं," त्या म्हणाल्या.

"दिसू नये असंच केलं होतं. ती माझी चूक. पण तुम्ही शर्टाला विचारलंत, मॅडम. पोरीला विचारलं का?"

मुख्याध्यापिकांनी घंटेच्या बटणाकडे हात नेला. "आपण असं करू. त्या मुलींना बोलावते, हिलाही बोलावू, समोरासमोर बसवून हात मिळवायला लावू. मुलंच आहेत. विसरतात."

"माझी मुलगी त्यांच्यासमोर बसणार नाही," कंडक्टरबाई म्हणाली. "आधीच पाच जणी आणि ती एकटी. इथे पण तेच करायचं?"

"अहो, पण नावं तर हवीत ना? ती नावं सांगत नाही म्हणता."

"एक मी सांगते," टाकेबाई म्हणाल्या. "माझी नात. नववी ब."

कंडक्टरबाईने झटकन मान वळवली. तिला हे माहीत नव्हतं. टाकेबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"तुमची नात?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "ती तर आपली... शनिवारी स्पर्धा आहे तिची."

"शर्ट मागून तीच धरते. पाय जोरात आहेत म्हणून तिला ते काम. बाकीच्या चौघींची नावं तिला विचारा, पण एकेकीला वेगळं बसवून. आणि हे लिहून घ्या. शनिवारचा कागद शिक्का मारून दिलात, हाही शिक्का मारून द्या."

"लेखी देता तुम्ही?"

"देते. अक्षर वाकडं आहे, चालवून घ्या."

त्यांनी लिहिलं. सात ओळी झाल्या. मुख्याध्यापिका वाचत असताना कंडक्टरबाईने विचारलं, "मधल्या सुट्टीत मागच्या जिन्यापाशी कोण असतं?"

"तिथे... तशी कोणाची ड्यूटी नाही."

"आजपासून कोण असेल?"

"शिक्षकांच्या बैठकीत विषय घेते."

"माझ्या बसमध्ये एखाद्या पोरीला कोणी धरलं तर मी बैठक घेत नाही, मॅडम. बस थांबवते."

दोघी बाहेर पडल्या. फाटकापाशी कंडक्टरबाई थांबली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"तुमच्या दुकानात बसायची ती. माझी पोर शर्ट घेऊन यायची, तेव्हा आधी रस्त्यावरून बघायची, आत कोण आहे ते."

"हो."

"तुम्हाला काय बोलू मी आता?"

"बोल. ऐकायलाच उभी आहे."

पण तिच्या पाळीची वेळ झाली होती. शर्ट टाकेबाईंच्या हातात कोंबून ती गेली.

नातीला सोमवारीच बोलावून विचारलं गेलं. तिने चारही नावं सांगितली. घरी आल्यावर ती आजीला एवढंच म्हणाली, "दुसऱ्यांच्या आज्या असं करत नाहीत." त्यानंतर बोललीच नाही. मुलगा ताटावर येऊन बसायचा आणि ताटावरून उठायचा, एवढंच. सून एकदा हळूच म्हणाली, "माफी तरी मागायला सांगा तिला, म्हणजे विषय संपेल." टाकेबाई म्हणाल्या, "सांगून मागितली तर तो कच्चा टाका. ओढला की निघतो. आणि विषय संपवायची घाई आपल्याला आहे, त्यांना नाही."

बुधवारी मागच्या जिन्यापाशी एक खुर्ची ठेवली गेली. मधल्या सुट्टीत चित्रकलेचे सर तिथे बसले होते.

गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला मुलगी दुकानात आली. एकटी. नात सरावाला गेली नव्हती. का गेली नाही, ते तिने सांगितलं नाही. ती स्टुलावर बसली होती. मुलगी रस्त्यावर थांबली, आत पाहिलं, तिथेच उभी राहिली. टाकेबाईंनी मशीन थांबवलं, पण हाक मारली नाही. दोन सायकली गेल्या. मग मुलगी रस्ता ओलांडून आत आली.

"आजी, शर्ट?"

"राहिलाय. दुमडीत आता धागाच नाही गं. दुसऱ्या धाग्याने केलं तर दिसेल."

मुलीने चष्मा वर सरकवला. "दिसू दे," ती म्हणाली. "साधी शिलाईच घाला. घट्ट."

"गडद निळं रीळ हवं मग," टाकेबाई कोणालाही उद्देशून न बोलता म्हणाल्या.

नात स्टुलावरून उतरली. मुलगी एक पाऊल मागे सरकून भिंतीला टेकली. नातीने फळीवरून रीळ काढलं, मुलीच्या बाजूला न वळता मशीनशेजारी ठेवलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. आतल्या दोघींना तिची पाठ दिसत होती.

अकरा शिवणी घालायला अर्धा तास लागला. फिकट निळ्यावर गडद निळ्या, रस्त्याच्या पलीकडूनही मोजता येतील अशा. मुलीने शर्ट हातात घेतला, उजेडात धरला, मोजल्या आणि घडी घालून दप्तरात ठेवला. बाहेर पडताना पायरीवर अंग चोरून जाण्याइतकीच जागा होती. नात सरकली.

शुक्रवारी सकाळी साडेदहा वाजता मुलगी तो शर्ट घालून शाळेत गेली. आईने पाळी बदलून घेतली होती. ती फाटकापर्यंत सोबत होती. स्पर्धेची यादी सूचनाफलकावर लागली आहे, तिच्यात नातीचं नाव पहिलं आहे. शिक्षकांची बैठक पुढच्या आठवड्यावर गेली आहे. मागच्या जिन्यापाशी खुर्ची अजून आहे. शुक्रवारच्या मधल्या सुट्टीत ती रिकामी होती.